विडा ठेवणारं घराणं

१६ जुलै १३७७. वेस्टमिन्स्टर ॲबीत दहा वर्षांच्या एका मुलाला इंग्लंडचा मुकुट चढवण्याचा सोहळा चालला होता. मुलाचं नाव रिचर्ड, या नावाचा दुसरा राजा. आत धूप, प्रार्थना, तेलाचा अभिषेक. आणि बाहेर दारापाशी घोड्यांच्या टापा. नखशिखान्त चिलखत घातलेला एक सरदार दाराशी येऊन उभा राहिला. पुढे दोन स्वार, एकाच्या हाती त्याचा भाला, दुसऱ्याच्या हाती ढाल. नव्या राजाच्या हक्काबद्दल कुणाच्या मनात किंतु असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याच्याशी लढायला उभा आहे, असं ओरडून सांगायला तो आला होता.

पण वेळ चुकली होती. व्यवस्था पाहणारा लॉर्ड पर्सी बाहेर आला आणि म्हणाला, इतक्या लवकर नाही, तुमचं काम जेवणाच्या वेळी. आता माघारी जा, हे ओझं अंगावरून उतरवा, जरा टेका आणि पंगत बसली की या. सरदार मुकाट्याने घोडा वळवून गेला.

थॉमस वॉल्सिंगहॅम या त्या काळच्या मठवासी बखरकाराने हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्या सरदाराचं नाव सर जॉन डिमक. त्याच्या आडनावाचा राज्याभिषेकाशी संबंध जडला तो त्या दिवशी. आज साडेसहाशे वर्षं होत आली, तरी तो सुटलेला नाही.

इंग्रजीत हे आडनाव लिहिलेलं पाहिलं तर नवखा माणूस बिनदिक्कत 'डायमोक' वाचेल. उच्चार मात्र 'डिमक'. शेवटचा 'ई' मुका, मधला 'ओ' जवळजवळ गिळलेला. डिमॉक, डिमिक अशी त्याची भावंडं इंग्लंडात पुष्कळ सापडतात. या एका विशिष्ट स्पेलिंगचं आडनाव मात्र दुर्मीळ, आणि ते दिसलं की जाणकार माणूस लिंकनशर परगण्याचं नाव घेतो.

मूळ मात्र लिंकनशरचं नाही. ग्लॉस्टरशरच्या वायव्य कोपऱ्यात, वेल्सच्या बाजूला, डिमॉक नावाचं एक गाव आहे. १०८६ साली विल्यम द कॉन्करर याने सगळ्या देशाची जमीन मोजून घेतली. त्या 'डूम्सडे' दप्तरात हे गाव आहे. वसंतात तिथल्या शेताबांधांवर रानटी पिवळी डॅफोडिल फुलतात, आणि १९१४च्या सुमारास रॉबर्ट फ्रॉस्ट, एडवर्ड थॉमस यांच्यासारखे कवी तिथे येऊन राहिले होते, एवढीच काय ती गावाची पुढली ख्याती. या गावावरून निघालेला माणूस तो 'डिमॉकचा'. आपल्याकडे सातारकर, नगरकर, पंढरपूरकर झाले तसंच हे. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही. पंढरपुरात कुणाला पंढरपूरकर म्हणून काय ओळखणार? गाव सुटलं की नाव चिकटतं. म्हणजे असं आडनाव ही एका अर्थी गाव सोडल्याची पावती असते.

गावाच्या नावाचा अर्थ काय, यावर अभ्यासक वेल्शच्या पूर्वज भाषेकडे बोट दाखवतात आणि त्यात त्यांना बहुधा डुकरं दिसतात, डुकरांचा गोठा किंवा असंच काही. घराण्याला हे रुचणं कठीणच. वेल्समधल्या वंशावळी लिहिणाऱ्या भाटांनी मग दुसरी वाट काढली. त्यांच्या मते मूळ पुरुष कुणी डेव्हिड, मॅडॉकचा मुलगा. वेल्समध्ये डेव्हिडला लाडाने 'डाय' म्हणतात. 'डाय मॅडॉक'चं झालं डिमॉक. व्युत्पत्ती म्हणून ती लंगडी आहे, पण डुकरांपेक्षा खानदानी पूर्वज बरा, हा हिशेब कुठल्याही देशातल्या कुळकथेत चालतो.

तिसरा अर्थ घराण्याने स्वतःच लावला. त्यांच्या मुद्रेवर लॅटिन ब्रीद आहे: 'प्रो रेगे डिमिको'. म्हणजे, मी राजासाठी लढतो. डिमक आणि डिमिको. ही सरळ सरळ शाब्दिक कोटी आहे, आणि इंग्रजी सरदारांना ढालीवर अशा कोट्या करायची हौस होती. पण आडनाव उच्चारायचं कसं, हे पुढच्या पिढ्यांना सांगून जाणारी कोटी विरळा.

आता राजासाठी लढण्याचं हे काम त्यांच्याकडे आलं कसं?

'चॅम्पियन' म्हटलं की आपल्याला करंडक उचललेला खेळाडू दिसतो. शब्दाचा मूळ अर्थ वेगळा. लॅटिनमध्ये 'काम्पुस' म्हणजे मैदान; मैदानात उतरतो तो चॅम्पियन. मध्ययुगात जमिनीचा किंवा खुनाचा तंटा लढाईने मिटवण्याची कायदेशीर सोय होती. दोघांनी लढायचं, जो जिंकेल त्याच्या बाजूने देव आहे असं मानायचं. वादी म्हातारा असेल, बाई असेल, धर्मगुरू असेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने लढायचं. वकिलीच ही, फक्त जिभेऐवजी तलवारीची. मग सगळ्यात मोठ्या जमिनीवरचा, म्हणजे अख्ख्या राज्यावरचा, दावा कुणी नाकारला तर? राजाने स्वतः आखाड्यात उतरायचं का? म्हणून राजाचा चॅम्पियन.

त्याची रीत अशी. राज्याभिषेकाच्या दिवशी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मेजवानी बसायची. पहिली पक्वान्नं वाढून झाली की दारातून चॅम्पियन घोड्यावर बसून आत यायचा. त्याच्या वतीने भालदार पुकारा करायचा, की थोर असो वा लहान, जो कुणी म्हणेल की हा राजा खरा वारस नव्हे, तो खोटं बोलतो आणि तो द्रोही आहे; त्याच्याशी लढून जीव पणाला लावायला हा उभा आहे. मग लोखंडी हातमोजा खण्‌कन फरशीवर पडायचा. थोडा वेळ थांबायचं. कुणी उचलला नाही की तो परत द्यायचा. हे तीनदा: दारात, हॉलच्या मध्यावर आणि राजाच्या टेबलासमोर. शेवटी राजा सोन्याच्या पेल्यातून त्याच्या नावाने एक घोट घ्यायचा आणि पेला त्याच्याकडे पाठवायचा. त्याने उरलेलं पिऊन पेला घरी न्यायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर दरबारात तबकात विडा ठेवायचा आणि विचारायचं, कोण उचलतो? फरक एवढाच, की आपल्या गोष्टींत विडा उचलणारा वीर ठरतो. इथे विडा कुणी उचलू नये यातच सगळ्यांचं भलं.

या कामाच्या बदल्यात मिळायचं ते वतन. लिंकनशरमध्ये हॉर्नकॅसल गावाच्या दक्षिणेला जवळच स्क्रिव्हल्सबी नावाची जहागीर आहे. ज्याच्याकडे स्क्रिव्हल्सबी, त्याने चॅम्पियनकी करायची. जमिनीचा सारा पैशात नव्हे तर अशा मानाच्या चाकरीत फेडण्याला तिथे 'ग्रँड सार्जंटी' म्हणत. पाटीलकी जशी वाड्याला आणि शेताला बांधलेली, तशी ही चाकरी मातीला बांधलेली. आणि मातीचा वारसा जिथे मुलीकडे जाऊ शकतो, तिथे मानही तिच्यामागून जातो. डिमक घराण्याच्या कथेची खरी मेख ही आहे.

कारण वतन मुळात डिमकांचं नव्हतंच. ते मार्मियनांचं. नॉर्मंडीत फोंतने नावाच्या गावावर त्यांची सत्ता होती. ते गाव अजून त्यांच्या नावाने, फोंतने-ल-मार्मियन म्हणून, ओळखलं जातं. नॉर्मंडीच्या ड्यूकचे चॅम्पियन आपणच होतो, असं ते सांगत. इंग्लंडात आल्यावर त्यांना मिडलँड्समधला टॅमवर्थचा किल्ला आणि लिंकनशरमधली स्क्रिव्हल्सबी मिळाली. मोठं जरबेचं घराणं. त्यांच्यातल्या एका रॉबर्ट मार्मियनने यादवीच्या काळात कॉव्हेंट्रीच्या मठातून साधूंना हाकलून तिथे ठाणं केलं, शत्रूची घोडी अडावीत म्हणून भोवती खंदक खणले, आणि ११४३च्या लढाईत आपल्याच खंदकात पडून मारला गेला. गंमत म्हणजे 'मार्मियन' हा जुन्या फ्रेंचमध्ये माकड किंवा वांड पोर अशा अर्थाचा शब्द. एका आडनावात माकड, दुसऱ्यात डुकरं, आणि राजाची इभ्रत या दोघांच्या हाती.

१२९१ साली फिलिप मार्मियन वारला. औरस मुलगा नव्हता, मुली होत्या. आडनाव तिथे संपलं. जमिनीची वाटणी झाली: टॅमवर्थ थोरल्या मुलीच्या शाखेकडे जाऊन पुढे फ्रेव्हिल घराण्यात गेलं, स्क्रिव्हल्सबी धाकट्या जोनकडे. जोनने लुडलो घराण्यात लग्न केलं. तिची नात मार्गारेट लुडलो, पुन्हा एकटी वारस. या मार्गारेटने जॉन डिमकशी लग्न केलं. १३७७ साली ॲबीच्या दारात चिलखत घालून उभा असलेला सरदार तो हाच. घोडा त्याचा असेल, आवाज त्याचा असेल, पण हक्क होता तो बायकोचा.

त्या हक्कावर भांडण झालं नसतं तरच नवल. राज्याभिषेकाच्या आधी मानकऱ्यांचे दावे ऐकायला एक न्यायसभा बसते. १३७७च्या सभेचा प्रमुख होता राजाचा काका जॉन ऑफ गाँट. तिच्यापुढे टॅमवर्थचा सर बाल्डविन फ्रेव्हिल येऊन उभा राहिला. थोरली पाती आमची, मार्मियनांचा मुख्य किल्ला आमच्याकडे, तेव्हा चॅम्पियनकीही आमची. जॉन डिमकचं म्हणणं, ही चाकरी टॅमवर्थशी नव्हे, स्क्रिव्हल्सबीशी बांधलेली आहे. थोरली पाती, धाकटी पाती, वाडा कुणाचा आणि मान कुणाचा: महाराष्ट्रातल्या कुठल्याही देवस्थानाच्या मानपानाच्या दाव्यात शोभावा असा हा वाद. डिमकचे कागद जास्त भरभक्कम निघाले. शिवाय लोकांनी साक्ष दिली, की नुकताच वारलेला तिसरा एडवर्ड आणि त्याचा मुलगा ब्लॅक प्रिन्स, दोघेही म्हणत असत, हे काम जॉननेच करायचं. निकाल डिमकांच्या बाजूने लागला.

बावीस वर्षांनी फ्रेव्हिलांनी पुन्हा दावा टाकला आणि पुन्हा हरले. यावेळी स्क्रिव्हल्सबीकडून मैदानात उतरला जॉनचा मुलगा थॉमस, आणि तो आला होता आपल्या आईच्या वतीने. जॉन केव्हाच गेला होता. मार्गारेट जिवंत होती, जहागीर तिची होती. १३९९चा तो मुकुट चौथ्या हेन्रीच्या डोक्यावर चढत होता, ज्याने चुलतभाऊ रिचर्डला, त्याच दहा वर्षांच्या मुलाला, पदच्युत करून गादी घेतली होती. म्हणजे राजाच्या हक्काबद्दल शंका घेण्यासारखं त्या दिवशी खरोखरच काही होतं. थॉमस घोड्यावरून आत आला, पुकारा झाला. तिथे हजर असलेला ॲडम ऑफ अस्क लिहितो, की राजाने थॉमसला सांगितलं, वेळ आलीच तर तुझं हे काम मी स्वतः करीन. दुसऱ्याने लढायचं म्हणून नेमलेल्या चॅम्पियनला राजाच म्हणतो, राहू दे, मी बघतो. हेन्रीला आपली गादी किती उसनी आहे हे ठाऊक होतं, इतकंच.

पुढल्या शतकात या शब्दांची किंमत रक्तात मोजावी लागली. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्याच्या दोन शाखा एकमेकींवर तुटून पडल्या. आज एक राजा, उद्या दुसरा. अशा काळात 'राजासाठी लढतो' म्हणायचं, तर कोणत्या? १४७० साली लिंकनशरमध्ये चौथ्या एडवर्डविरुद्ध बंड झालं. त्यात लॉर्ड वेल्स आणि त्याचा मेहुणा सर थॉमस डिमक, त्या वेळचा चॅम्पियन, अडकले. ते वेस्टमिन्स्टरच्या आश्रयाला गेले होते. राजाने माफीचं वचन देऊन त्यांना बाहेर बोलावलं. बंडाचा पुढारी होता लॉर्ड वेल्सचा मुलगा. बाप आमच्या हाती आहे, शस्त्रं टाक, असा निरोप त्याला गेला. त्याने टाकली नाहीत. १२ मार्च १४७० रोजी लढाईला तोंड लागण्यापूर्वी राजाने सैन्यासमोर दोघांची डोकी उडवली. राजाच्या चॅम्पियनला राजानेच मारलं.

थॉमसचा मुलगा रॉबर्ट तेव्हा लहान होता. १४८३च्या जुलैत तो मोठा होऊन हॉलमध्ये आला तो तिसऱ्या रिचर्डचा, म्हणजे बापाला मारणाऱ्या राजाच्या सख्ख्या भावाचा, चॅम्पियन म्हणून. हाच खरा वारस, असा पुकारा झाला. दोन वर्षांनी बॉसवर्थच्या माळावर रिचर्ड पडला, आणि १४८५च्या ऑक्टोबरात रॉबर्टने त्याच हॉलमध्ये, त्याच शब्दांत, सातव्या हेन्रीसाठी हातमोजा टाकला. १५०९ साली आठव्या हेन्रीसाठी तिसऱ्यांदा. बाप असा गमावलेला हा माणूस एक गोष्ट नीट शिकला होता. चॅम्पियन राजासाठी लढतो म्हणजे जो कुणी त्या दिवशी राजाच्या खुर्चीवर बसलेला असेल त्याच्यासाठी. म्हणूनच तीन राजांचा चॅम्पियन होऊन तो १५४५ साली म्हातारपणाने गेला.

त्याचा मुलगा एडवर्ड याने सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ अशा तिघांसाठी हातमोजा टाकला. हे तिघे भावंडं असली तरी त्यांचा धर्म सारखा पालटत होता: एक प्रॉटेस्टंट, एक कॅथलिक, पुन्हा प्रॉटेस्टंट. चॅम्पियनला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्याची काळजी वेगळीच. मेरीच्या अभिषेकानंतर त्याने तक्रारीचं पत्र लिहिलं, की ठरलेला मान मिळत नाही, कोठारातले अधिकारी लेखी हुकूम मागतात, मागल्या खेपेला असं काही मागितलं नव्हतं. मानाची यादी घराणं वर्षानुवर्षं सांगत आलं होतं: राजाच्या तबेल्यातला सर्वोत्तम घोडा सोडून दुसरा, शस्त्रागारातलं सर्वोत्तम चिलखत सोडून दुसरं, आणि झाकणाचा सोन्याचा पेला. दुसऱ्या क्रमांकाचं का, तर पहिल्या क्रमांकाचं राजाला लागणार. तुझ्याआधी मीच लढीन म्हणणारा चौथा हेन्री आठवला की या यादीतलं शहाणपण कळतं.

एडवर्डच्या मुलाला मात्र धर्म टाळता आला नाही. पुन्हा रॉबर्ट हेच नाव. कॅथलिक श्रद्धा न सोडल्याबद्दल त्याला लिंकनच्या तुरुंगात टाकलं आणि १५८० साली तो तिथेच वारला. ज्या राणीसाठी बापाने हातमोजा टाकला, तिच्याच राज्यात.

त्यापुढच्या पिढीतलं भांडण अगदी गावकीचं. लिंकनचा अर्ल हा त्या वेळच्या सर एडवर्ड डिमकचा मामा, आणि दोघांचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य. १६०१च्या ऑगस्टमध्ये साउथ काइम या डिमकांच्या गावात, रविवारी, उघड्यावर एक नाटक झालं. त्यात अर्लची यथेच्छ टिंगल होती, वर एक खोटं प्रवचनही. लिहिणारा एडवर्डचा भाऊ टेलबॉइज डिमक. अर्लने थेट स्टार चेंबर या वरिष्ठ न्यायसभेत फिर्याद केली. खटला वर्षानुवर्षं चालला आणि डिमकांना भोवला. पण मधल्या काळात, १६०३ साली, पहिला जेम्स गादीवर आला तेव्हा चॅम्पियन होता तो हाच एडवर्ड. एका हाताने खटला, दुसऱ्या हाताने हातमोजा. लिंकनशरच्या गावच्या चव्हाट्यावर अर्लची खिल्ली उडवणाऱ्या घराण्याकडे राजाच्या इभ्रतीची राखण होती, याचं आश्चर्य त्या काळातल्या कुणाला वाटलेलं दिसत नाही.

यादवी झाली, राजाचं डोकं उडालं, क्रॉमवेल आला आणि गेला. २३ एप्रिल १६६१ला दुसऱ्या चार्ल्सचा अभिषेक झाला तेव्हा वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सॅम्युअल पीप्स नावाचा एक अठ्ठावीस वर्षांचा सरकारी नोकर हजर होता. रोजनिशी लिहिणाऱ्यांचा तो बादशहा. चॅम्पियन चिलखतात आला, पुढे भाला आणि ढाल, हातमोजा तीनदा पडला, राजाने त्याच्या नावाने प्याला घेतला, चॅम्पियन तो पिऊन सोन्याचा पेला हातात घेऊन घोड्यावरून गेला, हे सगळं त्याने टिपलं. आणि लगेच पुढे टिपलं, की टेबलांमधून हिंडताना आपल्या साहेबाच्या कृपेने चार ससे आणि एक कोंबडी पदरात पडली, आणि ओळखीच्या माणसाकडून पाव मागून आपण ती एका टपरीवर उभ्या उभ्या खाल्ली. त्या हॉलमध्ये प्रत्येक जण काही ना काही घेऊन जात होता. चॅम्पियनने सोनं नेलं एवढंच.

यानंतर चॅम्पियनच्या कथांना एक विनोदी रंग चढत गेला. १६८५ साली दुसऱ्या जेम्सच्या मेजवानीत सर चार्ल्स डिमक राजाचा हात चुंबायला घोड्यावरून उतरला आणि आजूबाजूला कुणी नसताना चिलखतासकट आडवा पडला. तुमचा चॅम्पियन फारच अशक्त दिसतो, असं राणी राजाला म्हणाली म्हणतात. आजारपणाने अंगात ताकद नाही आणि चिलखत जड, असा चॅम्पियनचा खुलासा. जेम्स चार वर्षं टिकला नाही. पुढे १७६१ला तिसऱ्या जॉर्जच्या वेळी लॉर्ड टॅल्बट या मानकऱ्याने आपल्या घोड्याला खास तालीम दिली होती, की राजाला पाठ न दाखवता मागे मागे चालत बाहेर पडायचं. घोडा हुशार निघाला. दारातून आत येताच त्याने शिकलेलं सगळं करून दाखवलं, आणि राजाकडे शेपूट करूनच टेबलापर्यंत गेला.

शेवटचा प्रवेश १९ जुलै १८२१. चौथा जॉर्ज. जगातल्या सगळ्यात हौशी आणि उधळ्या राजांपैकी एक. सुमारे २,४०,००० पौंड खर्चून त्याने मध्ययुग विकत घेतलं. सगळा दरबार ट्यूडर काळातल्या पोशाखात. उन्हाळा इतका कडक, की झुंबरांतल्या मेणबत्त्या पाघळून मेण खालच्या पाहुण्यांवर ठिबकत होतं. बायका वरच्या सज्जांत उपाशी, पुरुष खाली पंगतीला. एका सरदाराने आपल्या मुलासाठी कोंबडी रुमालात बांधून वर फेकली, असं सांगतात. आणि त्या हॉलबाहेर, सकाळी ॲबीच्या दारातून, राजाने स्वतःच्या राणीला, कॅरोलाइनला, आत येऊ दिलं नव्हतं.

चॅम्पियनचं वतन त्या वेळी एका धर्मगुरूकडे होतं, रेव्हरंड जॉन डिमक. पाद्र्याने रक्त सांडण्याची भाषा कशी करायची? मग त्याचा वीस वर्षांचा मुलगा हेन्री पुढे झाला. घरच्या तबेल्यातला घोडा त्या गर्दीत, दिव्यांत, टाळ्यांत बुजला तर? म्हणून ॲस्टलीच्या सर्कशीतला कवायती घोडा भाड्याने आणला. टाळ्यांची त्याला सवय होती. हेन्रीच्या बरोबरीने घोड्यावर आला वेलिंग्टनचा ड्यूक. १८०३ साली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांची फौज मोडणारा, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. जगातल्या सगळ्यात अनुभवी सेनापतीच्या शेजारी सर्कशीच्या घोड्यावर एक कोवळा पोरगा, आणि आव्हान देणार तो पोरगा.

गर्दीत कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट बसला होता. 'मार्मियन' नावाचं काव्य त्याने तेरा वर्षांपूर्वीच लिहिलं होतं. त्याला मुलगा आवडला, पण ढाल आवडली नाही. ती गोल होती. घोड्यावर बसून लढणाऱ्याची ढाल तिकोनी हवी, असं त्याने लिहून कळवलं. वास्तविक ढाल कशीही असती तरी फरक पडत नव्हता. १८१७ साली ॲब्रहॅम थॉर्नटन नावाच्या खुनाच्या आरोपीने न्यायालयात खरोखरीच हातमोजा फेकून फिर्यादीला लढायला बोलावलं होतं. जुना कायदा कुणी रद्दच केलेला नव्हता, न्यायाधीशांचा नाइलाज झाला, फिर्यादीने लढायला नकार दिला आणि थॉर्नटन सुटला. संसदेने घाईघाईने १८१९ साली लढाईचा न्याय रद्द केला. म्हणजे हेन्रीने हातमोजा टाकला तेव्हा त्यामागचा कायदा मरून दोन वर्षं झाली होती.

पुढच्या राजाला, चौथ्या विल्यमला, हौस नव्हती. १८३१चा त्याचा अभिषेक त्रेचाळीस हजार पौंडांत उरकला. मेजवानीच रद्द. आणि चॅम्पियन तर मेजवानीच्या दारातून यायचा. पंगतच नाही तर येणार कुठून? १८३८ला व्हिक्टोरियाच्या वेळीही तेच. १८४१ साली हेन्रीला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली, गेलेल्या मानाची भरपाई म्हणून. तीही त्याच्याबरोबर १८६५ साली संपली.

घराणं मात्र अर्ज करत राहिलं. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या वेळी न्यायसभेने तोड काढली: घोडा नको, आव्हान नको, पण स्क्रिव्हल्सबीच्या धन्याने अभिषेकात निशाण धरावं. तेव्हापासून तो मान चालू आहे. १९५३ साली दुसऱ्या एलिझाबेथच्या वेळी लष्करातले कॅप्टन डिमक युनियन जॅक घेऊन चालले, आणि ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या वेळी फ्रान्सिस डिमक यांनी राजनिशाण वाहिलं. यावेळी ॲबीच्या बाहेर थांबवून कुणी परत पाठवलं नाही.

हातमोजा कधी कुणी उचलला का? नोंदींत तरी नाही. दंतकथांत उचलला आहे. १६८९ला विल्यम आणि मेरीच्या मेजवानीत म्हणे अंधार पडत आला होता. कुबड्यांवर चालणारी एक म्हातारी पुढे आली, हातमोजा उचलला आणि कुबड्या तिथेच टाकून पसार झाली. तिसऱ्या जॉर्जच्या वेळची अशीच एक अफवा स्कॉटने उचलली. १८२४च्या 'रेडगाँटलेट' कादंबरीत गादी गमावलेल्या स्ट्युअर्टांच्या पक्षाची एक तरुण मुलगी हॉलमध्ये घुसून चॅम्पियनचा हातमोजा उचलते. दोन्ही गोष्टींत विडा उचलणारी बाईच.

खऱ्या इतिहासात मार्गारेटने काही उचललं नाही. १३७७ला नवऱ्याने आणि १३९९ला मुलाने जो पुकारा केला, तो तिच्या जमिनीवर उभा राहून. तिच्या आजीच्या माहेरचं आडनाव १२९१लाच बुडालं होतं, तिचं स्वतःचं लुडलो हे आडनाव लग्नात गेलं, आणि तिने ज्याच्याशी लग्न केलं त्याचं आडनाव पुढली सहाशे वर्षं गाजलं. घराण्याला ही बाकी ठाऊक असावी. १९५३ साली निशाण घेऊन चाललेल्या त्या कॅप्टनचं पूर्ण नाव होतं जॉन लिंडली मार्मियन डिमक.